ध्रुवीय बर्फाची जाडी : हिशेब आणि पडताळा

दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यास आर्क्टिक महासागरावरील बर्फ आक्रसत आक्रसत वर्षातील किमान विस्ताराला येतो आणि जगभरच्या वृत्तपत्रांत त्याचा आकडा छापून येतो. सप्टेंबर २०१२ मध्ये हा विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ भारताच्या क्षेत्रफळाइतका, खाली आला. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता. विस्ताराचे हे आकडे बऱ्याच अंशी विश्वासार्ह असतात. बर्फातून आणि उघड्या पाण्यातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्मलहरींमध्ये ठळक फरक असतो. ध्रुवीय रात्र असो वा ढगांचे आच्छादन, १९७८ च्या अखेरीपासून उपग्रह हा फरक टिपत आले आहेत.

परंतु विस्तार ही अर्धीच गोष्ट झाली. चार-पाच उन्हाळे पचवलेला चार मीटर जाडीचा बर्फ आणि महिन्याभरापूर्वी गोठलेला वीतभर थर नकाशावर सारखेच पांढरे दिसतात. एकूण बर्फ किती उरला हे जाणून घ्यायचे तर विस्ताराला जाडीने गुणावे लागते, आणि जाडी वरून दिसत नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा बर्फ म्हणजे हिमनग नव्हेत. हिमनग जमिनीवरील हिमनद्यांतून तुटून समुद्रात येतात. सागरी बर्फ हे समुद्राचेच गोठलेले पाणी असते. दोहोंत साम्य इतकेच, की बहुतांश भाग पाण्याखाली दडलेला असतो.

आर्क्टिक बर्फाच्या घनफळाचा जो आकडा सर्वाधिक उद्धृत केला जातो, तो अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ध्रुवीय विज्ञान केंद्राचा. त्यानुसार सप्टेंबर १९७९ मध्ये तेथे सुमारे १७ हजार घन किलोमीटर बर्फ होता. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ४ हजारांच्या खाली गेला. म्हणजे विस्तार निम्म्याने घटला, तर घनफळ तीन-चतुर्थांशांहून अधिक. ही घसरण इतकी तीव्र होती, की घनफळाची रेषा तशीच पुढे ओढून २०१६ च्या सुमारास, तीन वर्षे अलीकडे वा पलीकडे, उन्हाळी आर्क्टिक जवळजवळ बर्फमुक्त होईल असा अंदाज २०१२ मधील एका शोधनिबंधात मांडला गेला. २०१९ उलटले तरी बर्फ होताच. इतकेच नव्हे, तर २०१३ ते २०२४ या बारा उन्हाळ्यांत २०१२ चा विस्ताराचा नीचांकही मोडला गेला नाही. हवामानबदलाविषयी साशंक असणाऱ्यांनी त्यावरून मूळ आकडेच खोटे ठरवले.

रेषा पुढे ओढणारे आणि आकडे झिडकारणारे, दोघांच्याही नजरेतून एक साधी बाब निसटली होती. घनफळाचा हा आकडा मोजलेला नाही. तो संगणकीय प्रारूपाने, म्हणजे रूढ शब्दात मॉडेलने, काढलेला आहे. आणि तो कितपत बरोबर आहे, याची तपासणी करून तिचे निष्कर्ष त्याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी प्रसिद्धही केले आहेत.

'पायोमास' या नावाने ओळखले जाणारे हे प्रारूप २००३ मध्ये जिनलुन झांग आणि ड्र्यू रोथ्रॉक यांनी मांडले. त्यात आर्क्टिकवर सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटींचे जाळे कल्पिलेले असते. प्रत्येक चौकटीतील वारा, तापमान आणि सूर्यप्रकाश हवामानाच्या नोंदींवरून घेतला जातो. थंडीत बर्फ किती वाढेल, उन्हात किती वितळेल, वाऱ्याने कोठे वाहत जाईल आणि एकमेकांवर आदळून कोठे ढिगारे रचील, हे सारे भौतिकशास्त्राच्या समीकरणांतून काढले जाते. उपग्रहांनी पाहिलेला बर्फाचा विस्तार प्रारूपाला वेळोवेळी पुरवून त्याची गाडी रुळावर ठेवली जाते. जाडीच्या नोंदी मात्र त्याला दिल्या जात नाहीत. पडताळ्याच्या दृष्टीने हीच कळीची गोष्ट आहे. उत्तरपत्रिका आधीच हाती दिली असती, तर परीक्षेला अर्थ उरला नसता.

पाणबुड्यांच्या नोंदवह्या

परीक्षा घ्यायची तर उत्तरपत्रिका हवी, आणि ती दीर्घकाळ लष्कराच्या तिजोरीत बंद होती. ऑगस्ट १९५८ मध्ये 'नॉटिलस' ही अमेरिकी अणुपाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली. तेव्हापासून शीतयुद्धाच्या काळात पाणबुड्या आर्क्टिकखाली वावरत राहिल्या. डोक्यावरचा बर्फ किती खोल उतरला आहे, हे कळणे त्यांच्या दृष्टीने जिवाचा प्रश्न होता. पाणबुडीवरील सोनार वरच्या दिशेने ध्वनिलहर सोडतो आणि ती बर्फाच्या तळावरून परतण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. पाण्याच्या दाबावरून पाणबुडीची स्वतःची खोली कळते. दोहोंची वजाबाकी केली की बर्फाचा बुडालेला भाग हाती येतो, आणि एकूण जाडीचा सुमारे नऊ-दशांश भाग तोच असतो.

अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात या नोंदी शास्त्रज्ञांना खुल्या होऊ लागल्या. त्याही अटींसह. पाणबुडीचा नेमका मार्ग उघड होऊ नये म्हणून ठिकाण नऊ-दहा किलोमीटरच्या अंतराने आणि तारीख महिन्याच्या तिसऱ्या हिश्श्याने गोळाबेरीज करून दिली गेली. इतर देशांच्या सागरी आर्थिक क्षेत्रातील नोंदी वगळण्यात आल्या. जुन्या नोंदी कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्यांवर उमटलेल्या आलेखांच्या रूपात होत्या. त्या पुढे संगणकाद्वारे वाचाव्या लागल्या.

१९९९ मध्ये रोथ्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींतून काढलेला निष्कर्ष जगभर गाजला. १९५८ ते १९७६ मधील आणि १९९० च्या दशकातील पाणबुड्यांचे मार्ग जेथे एकमेकांना छेदत होते, अशा २९ ठिकाणी त्यांनी तुलना केली. उन्हाळ्याच्या अखेरीस बुडालेल्या भागाची सरासरी जाडी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आली होती. ही घट सुमारे ४० टक्के होती.

शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण केव्हा? सारा भात एकाच आचेवर सारखा शिजला असेल तेव्हा. आर्क्टिकचा बर्फ तसा नाही. तो सतत वाहत असतो. सैबेरियाच्या बाजूला तो पातळ असतो, तर ग्रीनलंड आणि कॅनडाच्या उत्तर किनाऱ्याशी दाटीवाटीने रचला जाऊन जाड होतो. काही शे मीटरच्या अंतरात वीतभर थर आणि दहा मीटर खोल ढिगारा दोन्ही आढळू शकतात.

नेमका याच मुद्द्यावर २००२ मध्ये कॅनडातील ग्रेग हॉलोवे आणि टेसा सू यांनी आक्षेप घेतला. त्यांनी निरीक्षणांपुढे प्रारूप उभे केले. संगणकातील आर्क्टिकमध्ये त्यांनी त्याच वर्षी, त्याच मार्गांनी काल्पनिक पाणबुड्या सोडल्या आणि त्यांना मोठी घट दिसली. परंतु संपूर्ण महासागराचे घनफळ पाहिले असता घट बरीच कमी होती. कारण वाऱ्यांच्या बदलत्या घडणीमुळे बर्फाचा मोठा साठा मध्य आर्क्टिकमधून कॅनडाच्या बाजूला सरकला होता, आणि नोंदींतून वगळलेला प्रदेशही तोच. बर्फ नाहीसा झाला नव्हता, निदान सारा तरी नव्हता. तो पाणबुडीच्या नजरेआड जाऊन बसला होता.

हा आक्षेप वरकरणी हवामानशास्त्रावर पाणी ओतणारा वाटला, तरी पुढील दशकभराच्या कामाला वळण त्यानेच लावले. निरीक्षण म्हणजे सत्य आणि प्रारूप म्हणजे तर्क, ही सोयीची विभागणी त्यामुळे मोडीत निघाली. निरीक्षण नेमक्या कोणत्या ठिकाणचे आणि कोणत्या काळाचे, हे प्रारूपाशिवाय पूर्ण उमगत नाही. प्रारूप कोठे चुकते, हे निरीक्षणाशिवाय कळत नाही. आक्षेपाला उत्तर म्हणून २००३ मध्ये रोथ्रॉक आणि झांग यांनी अधिक मोहिमांच्या नोंदी व प्रारूप एकत्र मांडले. १९९० च्या दशकातील बर्फ खरोखरच पातळ झाला होता आणि दोन्ही साधने त्याविषयी बव्हंशी एकमुखाने बोलत होती, असे त्यातून दिसले.

सोनारचीही झाडाझडती झाली. सोनारची लहर शंकूसारखी पसरत जाते आणि तिच्या कक्षेतील सर्वांत खोल टोकावरून आलेला प्रतिध्वनी आधी पोहोचतो. बर्फाचा तळ खडबडीत असेल, तर जाडी फुगवून नोंदली जाते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छाननीत पाणबुड्यांच्या नोंदी प्रत्यक्षाहून सरासरी २९ सेंटिमीटरने अधिक भरतात, असे आढळले. त्यानंतरच्या तुलनांमध्ये ही वजावट केली जाऊ लागली. उत्तरपत्रिकेतही चुका असतात. त्या कोठे आणि किती, हे ठाऊक असले म्हणजे तिच्यावरून गुण देता येतात.

२०११ मध्ये अॅक्सेल श्वायगर आणि सहकाऱ्यांनी 'पायोमास'ची सविस्तर परीक्षा घेतली. पाणबुड्या, समुद्रतळाशी नांगरलेली सोनार यंत्रे, विमानांतून केलेली मापने आणि 'आइससॅट' हा लेसर उपग्रह, अशा सर्व साक्षीदारांना त्यांनी पाचारण केले. पाणबुड्यांच्या नोंदी असलेल्या प्रदेशात प्रारूप आणि उपग्रह यांच्या सरासरी जाडीत दहा सेंटिमीटरहून कमी तफावत निघाली. त्या प्रदेशाबाहेर ती वाढली. जाड बर्फ कोठे आणि पातळ कोठे, याचे चित्र दोहोंत चांगले जुळले.

या तपासणीतील सर्वांत बोलका निष्कर्ष मात्र जुळण्याविषयीचा नाही, चुकण्याविषयीचा आहे. प्रारूप जाड बर्फाला कमी लेखते आणि पातळ बर्फाला अधिक. यातून निघणारा अर्थ सरळ आहे. पूर्वी आर्क्टिकमध्ये जाड बर्फ मुबलक होता, तेव्हा प्रारूपाने तो कमी दाखवला. अलीकडे पातळ बर्फाचे राज्य आले, तेव्हा तो अधिक दाखवला. म्हणजे भूतकाळ उणा आणि वर्तमान अधिक, आणि दोहोंमधील उतार प्रत्यक्षाहून सौम्य. प्रारूपे घसरण फुगवतात, असा आरोप करणाऱ्यांना ही तपासणी नेमके उलटे उत्तर देते.

आकड्यांत सांगायचे, तर १९७९ ते २०१० या काळात घनफळ दर दशकाला सुमारे २,८०० घन किलोमीटरने घटले, आणि या दरात १,००० घन किलोमीटरची अनिश्चितता धरावी, असे या अभ्यासाने सांगितले. ऑक्टोबर महिन्याच्या घनफळातील अनिश्चितता १,३५० घन किलोमीटर ठरवली गेली. सप्टेंबरलाही साधारण तेवढीच अनिश्चितता धरली, तर १९७९ च्या १७ हजारांत ती नगण्य वाटते. २०१२ च्या चार हजारांखालील आकड्यात मात्र ती जवळजवळ एक-तृतीयांश होते. बर्फ घटतो आहे, हे प्रारूप ठामपणे सांगू शकते. शेवटचा बर्फ कोणत्या वर्षी जाईल, हे त्याच रेषेवरून सांगणे तिच्या कुवतीबाहेरचे होते. शिवाय रेषा सरळ राहण्याचे कारणही नव्हते. जाड बर्फ समुद्रावर गोधडीसारखा काम करतो आणि पाण्याची उष्णता धरून ठेवतो. पातळ बर्फातून ती भराभर निसटते, त्यामुळे तो हिवाळ्यात वेगाने जाड होतो. २०१२ नंतर घसरणीचा वेग मंदावण्यामागे हे एक कारण आहे.

वितभर उंचीचा प्रश्न

पाणबुडी एका रेषेतून जाते, उपग्रह साऱ्या महासागरावरून. म्हणून खरी मदार उपग्रहांवर आली. 'आइससॅट'ने २००३ ते २००९ या काळात लेसरने मोजणी केली. युरोपीय अवकाश संस्थेचा पहिला 'क्रायोसॅट' ऑक्टोबर २००५ मध्ये उड्डाणातच नष्ट झाला आणि त्याचा दुसरा अवतार एप्रिल २०१० मध्ये कक्षेत पोहोचला. त्यावर रडार उंचीमापक आहे. हे उपग्रहही जाडी मोजत नाहीत. बर्फाची भेग आणि बाजूचा बर्फ यांच्या उंचीतील फरक ते मोजतात, म्हणजे पाण्यावर डोकावणारा भाग. उरलेला हिशेब आर्किमिडीजच्या तत्त्वाने होतो.

या हिशेबात एक खोच आहे. दोन मीटर जाडीचा बर्फ नुसता तरंगत असेल, तर सुमारे २१ सेंटिमीटर पाण्यावर राहतो. त्यावर ३० सेंटिमीटर हिम साचले, तर त्याच्या भाराने तो दबून १२ सेंटिमीटरच वर उरतो. (येथे हिम म्हणजे आकाशातून पडलेला भुसभुशीत थर, आणि बर्फ म्हणजे गोठलेले समुद्रजल. मराठीत हे शब्द सैलपणे वापरले जातात, पण या विषयात त्यांची गल्लत महागात पडते.) आता रडारने १२ सेंटिमीटर अचूक मोजले, पण हिशेब करणाऱ्याने हिम ३० ऐवजी १५ सेंटिमीटर धरले, तर उत्तर दोन मीटरऐवजी एक मीटर ५८ सेंटिमीटर येते. हिमाच्या अंदाजातील वितभर चूक बर्फाच्या जाडीत जवळजवळ अर्ध्या मीटरची होते.

मग हिम किती, हे सांगणार कोण? दीर्घकाळ यासाठी वापरली गेली ती सोव्हिएत शास्त्रज्ञांची कोष्टके. वाहत्या बर्फावर तळ ठोकून १९५४ ते १९९१ दरम्यान त्यांनी हिमाची खोली मोजली होती. परंतु ते तळ जाड, जुन्या बर्फावर असत. तसा बर्फ आता थोडाच उरला आहे. नवा बर्फ उशिरा गोठतो, त्यामुळे शरद ऋतूतील हिमवृष्टी उघड्या समुद्रात पडून विरघळते. म्हणून एक वर्षाच्या बर्फावर कोष्टकातील आकडा निम्मा करून घेण्याची पद्धत पडली. अशा रीतीने 'निरीक्षण' म्हणून प्रारूपासमोर ठेवला जाणारा उपग्रहाचा आकडाही अर्धाअधिक गृहीतकांवर उभा असतो. रडारची लहर हिम भेदून थेट बर्फापर्यंत पोहोचते, हेही एक गृहीतकच. हिम ओलसर वा खारट असेल, तर ते डळमळते.

२०१३ मध्ये 'क्रायोसॅट'च्या पहिल्या दोन हिवाळ्यांची 'आइससॅट'च्या काळाशी तुलना प्रसिद्ध झाली. शरद ऋतूतील घनफळ ४,२९१ घन किलोमीटरने घटल्याचे उपग्रहांनी सांगितले. त्याच काळासाठी 'पायोमास'चा आकडा २,६४४ होता. हिवाळ्याच्या अखेरीस मात्र पारडे उलटे झाले. उपग्रहांनुसार १,४७९, तर प्रारूपानुसार २,०९१. दिशा एक, मोजमाप भिन्न, आणि ऋतूप्रमाणे भिन्नतेची बाजूही बदलणारी. येथे कोण खरे हे एका वाक्यात सांगता येत नाही. हिवाळ्यात बर्फ किती वेगाने वाढतो, याविषयी दोन साधनांचे मत जुळत नाही एवढे नक्की, आणि पुढे कोठे शोधायचे हे त्यातून कळते.

म्हणूनच माणसांना अजूनही बर्फावर जावे लागते. हातातील गिरमिटाने भोक पाडून फूटपट्टी सोडणे, हे जाडीचे एकमेव थेट मापन आहे. त्याखालोखाल विश्वासार्ह मानले जाते ते विद्युतचुंबकीय उपकरण. विमान वा हेलिकॉप्टरखाली दोराने लटकवून ते बर्फावरून नेले जाते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, बर्फातून जवळजवळ नाही. त्यामुळे खालचे पाणी किती अंतरावर आहे हे उपकरणाला कळते आणि वरचा पृष्ठभाग लेसर सांगतो. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने ही पद्धत आर्क्टिकवर पुष्कळ राबवली. अर्थात ढिगाऱ्यांची खरी खोली तीही कमीच दाखवते.

हिमाचा तिढा सोडवण्यात भारताच्या एका उपग्रहाचाही हात लागला. 'इस्रो' आणि फ्रान्सची अवकाश संस्था यांनी मिळून बनवलेला 'सरल' २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यावरील 'अल्टिका' या उंचीमापकाची रडारलहर 'क्रायोसॅट'पेक्षा बऱ्याच अधिक वारंवारतेची असल्याने ती हिमात खोल न शिरता वरूनच परतते. एक लहर हिमाच्या माथ्याजवळून आणि दुसरी तळाजवळून परतत असेल, तर दोहोंमधील अंतर म्हणजे हिमाची खोली, या कल्पनेवर संशोधकांनी या दोन उपग्रहांच्या नोंदी एकत्र वापरल्या. 'सरल'ची कक्षा ८१.५ अंश अक्षांशापर्यंतच जात असल्याने ध्रुवाभोवतीचा प्रदेश मात्र त्यातून सुटला. हीच कल्पना लेसर आणि रडार यांच्या जोडीने राबवण्यासाठी जुलै २०२० मध्ये 'क्रायोसॅट'ची कक्षा किंचित उंचावून तिचा मार्ग २०१८ मध्ये सोडलेल्या 'आइससॅट-२'च्या मार्गाशी ठरावीक फेऱ्यांना जुळवण्यात आला.

उन्हाळ्याचा प्रश्न त्याहून बिकट होता. बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली, की रडारला ती आणि बर्फातील भेगा सारख्याच दिसतात. त्यामुळे मे ते सप्टेंबर या काळात, म्हणजे ज्या ऋतूविषयी जगाला सर्वाधिक उत्सुकता त्याच ऋतूत, उपग्रहांची वही कोरी राही आणि सारा भार प्रारूपावर पडे. २०२२ मध्ये संगणकाला डबकी आणि भेगा यांतील फरक ओळखण्यास शिकवून ऑक्टोबर २०१० ते जुलै २०२० पर्यंतची बारमाही नोंद तयार करण्यात आली. उन्हाळी प्रारूपाची परीक्षा घेण्याची सोय प्रथमच झाली.

दक्षिण ध्रुवाकडे परिस्थिती याहून अवघड आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या बर्फावर हिम इतके साचते, की बर्फाचा माथा अनेकदा पाण्याच्या पातळीला टेकतो आणि त्यावर समुद्राचे पाणी चढून ते हिमासह गोठते. वर डोकावणारा भागच नसेल, तर उपग्रहाने मोजायचे काय? तेथील बराचसा हिशेब जहाजांवरील निरीक्षकांच्या नोंदींवर चालला. जहाज बर्फ फोडत जाताना उलटणाऱ्या तुकड्यांची जाडी नजरेने जोखायची, ही ती पद्धत. अशा दोन दशकांहून अधिक काळच्या नोंदींतून २००८ मध्ये ०.८७ मीटर ही सरासरी निघाली. पुढे २०१० ते २०१२ दरम्यान स्वयंचलित बुडीयान बर्फाखाली सोडले, तेव्हा पाहणी केलेल्या दहा तुकड्यांचा बुडालेला भाग सरासरी १.४ ते ५.५ मीटर निघाला आणि काही ठिकाणी बर्फाची जाडी १६ मीटरपर्यंत आढळली. जहाज जेथून जाऊ शकते तेथूनच जाते, आणि जाड बर्फातून ते जात नाही. आर्क्टिकमधील पाणबुड्यांना सीमांनी रोखले, येथे जहाजांना बर्फाने. दहा तुकड्यांवरून साऱ्या दक्षिण महासागराची जाडी ठरवणे हीही शितावरूनच भाताची परीक्षा झाली असती, हे सांगायला नकोच.

'क्रायोसॅट'चे अपेक्षित आयुष्य साडेतीन वर्षांचे होते. पंधराव्या वर्षीही तो काम करीत होता. त्याचा वारसदार म्हणून 'क्रिस्टल' हा युरोपीय उपग्रह आखण्यात आला आहे. त्यावर कमी आणि अधिक वारंवारतेची दोन्ही रडारे एकत्र असतील, म्हणजे हिमाची खोली आणि बर्फाची उंची एकाच वेळी, एकाच ठिकाणी मोजली जाईल. नवा उपग्रह कामाला लागण्याआधी जुना थकला, तर मधल्या वर्षांत ध्रुवाभोवतीच्या ज्या भागावरून केवळ 'क्रायोसॅट' आणि 'आइससॅट-२' जातात, तेथे प्रारूपाचे आकडे येत राहतील, पण त्यांच्यासमोर धरायला फारसे काही उरणार नाही.